पालथा पंजा आणि वाकडं बोट

विश्रामबागेतल्या आमच्या घराचा वरचा मजला सासऱ्यांनी एका जर्मन जोडप्याला भाड्याने दिला, तेव्हा मी त्या घरात नवीनच होते. सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. तो माणूस साखर कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला. सकाळी जीप यायची, तो जायचा, अंधार पडल्यावर परतायचा. बायको दिवसभर एकटी. तिला मोडकं इंग्रजी येत होतं आणि मला साताऱ्याच्या कॉलेजातलं पुस्तकी. त्यामुळे घरात न बोलताच ठरून गेलं, की वरच्या बाईचं जे काही असेल ते सुनेनं समजावून सांगायचं.

बोलणं समजावून द्यायला माझी ना नव्हती. पण ती आणि माझ्या सासूबाई बोलायच्या कुठे? दोघींचा सगळा कारभार हातवाऱ्यांवर. आणि प्रत्येक हातवाऱ्यानंतर हाक यायची, "सूनबाई, हिकडं ये. ही काय म्हणाली गं?" तव्यावरची भाकरी सोडून मी धावायची. ती काही म्हणालेली नसायचीच.

पहिला भडका पाण्यावरून उडाला. वरचा नळ गेला म्हणून ती जिन्यात आली. सासूबाई अंगणात डाळ निवडत होत्या. तिने तर्जनी वर धरली आणि आकड्यासारखी वाकवून वाकवून त्यांना बोलावलं. सासूबाईंनी सूप खाली आपटलं.

"मला बोटानं बोलावती? मी काय हिच्या दारातली कुत्री हाय?"

"आत्याबाई, त्यांच्यात तसंच बोलावत असतील," मी म्हटलं. मला तरी कुठे ठाऊक होतं! भाकरी करपत होती.

सासऱ्यांनी पेपर खाली केला. ते फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. महायुद्धात इटलीत होते, म्हणून गोऱ्या माणसांबद्दल घरात शेवटचा शब्द त्यांचा. "खोटं," ते म्हणाले. "इटलीत म्या डोळ्यानं बघितलंय. तिथं आपल्यावानीच पालथ्या हातानं बोलावत्यात. गोरी माणसं समदी सारखी. ही बाईच उर्मट हाय."

इटली वेगळी, जर्मनी वेगळी, हे सुभेदारांना कोण सांगणार? मी नळाची चावी बघायला गेले.

मग संक्रांत आली. सासूबाई मनाने मोठ्या, म्हणाल्या, "राहू दे, सवाशीण हाय, तिलाबी हळदीकुंकवाला बोलवू." मी वर जाऊन निरोप दिला. तिला इतका आनंद झाला, की दुपारभर मला तिला माझी साडी नेसवावी लागली. दर दोन मिनिटांनी निऱ्या सुटायच्या. शेवटी पिनांनी साडी परकराला जखडून टाकली.

संध्याकाळी माजघर बायकांनी भरलं होतं. ती दारात येऊन उभी राहिली. आत कसं शिरायचं ते तिला कळेना. सासूबाई तबक घेऊन पलीकडे बसलेल्या. त्यांनी हौसेनं हात लांब केला आणि पालथ्या पंजाने, जोरजोरात, "ये, ये, ये" असं बोलावलं. सगळ्या बायकांनी माना वळवल्या. तिचा चेहरा एकदम पडला. ती मागे सरली, वळली आणि साडी मुठीत धरून जिना चढून गेली.

"बघा!" सासूबाई म्हणाल्या. "एवढी मानानं बोलावली, तर पाठ फिरवून गेली!"

मी वर गेले. ती पलंगावर बसून पिना उपटत होती. डोळे लाल. म्हणाली, "तुझ्या सासूनं एवढ्या बायकांसमोर मला हाकललं." आणि तिने हात करून दाखवला, पालथा, जा, जा, जा.

तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी मराठीतच सुरू केलं, "अगं बाई, ते ये आहे, ये! आणि तुझं ते बोट म्हणजे शिवी आहे! तुम्हा दोघींना तोंडं दिली आहेत ना देवानं?" तिला एक शब्द कळला नसणार, पण पिना उपटायची ती थांबली. मग मी इंग्रजीत नीट सांगितलं, साडी परत खोचली आणि मनगट धरून तिला खाली आणलं. सासूबाई कुंकू लावायला पुढे झाल्या, तर हिने हस्तांदोलनाला पंजा पुढे केला; तो करंड्यावर आदळला. तिळगूळ घेतला डाव्या हाताने. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

दुसऱ्या दिवशी दोघींना समोरासमोर बसवून मी धडा दिला. यांच्यात असं, आपल्यात असं. दोघींनी समजूतदारपणे माना डोलावल्या. मला वाटलं, सुटले.

कसलं काय! आठवड्यातच दोघी पुन्हा फुगलेल्या. झालं होतं असं, की सासूबाईंनी तिच्या पद्धतीने, बोट वाकडं करून तिला बोलावलं आणि तिने सासूबाईंच्या पद्धतीने, पालथ्या पंजाने. दोघींनी एकमेकींसाठी शिकून घेतलेलं! पण तिला वाटलं, बोट इथे शिवी असते हे ठाऊक असून मला दाखवलं. सासूबाईंना वाटलं, त्यांच्यातलं 'जा' मला केलं. मी पायरीवर बसून कपाळाला हात लावला.

त्यात सासूबाईंना बोटाची सवयच लागली. एकदा सासऱ्यांचे फौजेतले दोस्त आले असताना त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून सासऱ्यांना तसंच बोलावलं, चहा तयार आहे म्हणून. सासरे लालबुंद.

"चारचौघांत मला बोट दावती?"

"आवं, गोऱ्यांत चालतंय! तुमी इटलीत न्हवता व्हय?"

त्या संध्याकाळी मी नियम केला: हात कुणी उचलायचा नाही, तोंडाने हाक मारायची. सासूबाई खालून "ओ बाई!" ओरडायच्या आणि वरून घोगऱ्या आवाजात "व्हय!" यायचं. तेवढ्यावर उरलेले महिने निभले.

यंत्रं चालू झाली आणि ती दोघं निघाली. जीपपाशी तिने सासूबाईंना घट्ट मिठी मारली. सासूबाई दोन्ही हात अंगाला चिकटवून ताठ उभ्या, जशा तलाठ्यासमोर. मिठी सुटेना, तेव्हा त्यांनी एक हात सोडवून तिच्या पाठीवर दोनदा थापटलं. जीप वळल्यावर पदराने नाक पुसत म्हणाल्या, "लय दाबलं गं मेलीनं."

मग वर एक बँकेतला कारकून राहायला आला. बायको आपलीच, तासगावकडची. खाली मान घालून यायची, खाली मान घालून जायची. महिनाभराने सासूबाईंनी मला पीठ चाळताना गाठलं.

"ही बोलत न्हाई, हात हलवत न्हाई, वर बघत न्हाई. हिच्या मनात हाय तरी काय? तू जरा इचार की."

"आत्याबाई, मराठी आहे ती," मी म्हटलं. "तुम्हीच विचारा."