मीटिंगमध्येच रीस्टार्ट होणारं मशीन

लातूरच्या घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करायची परवानगी मला मोठ्या मिनतवारीने मिळाली होती. वडील गेल्यावर आई, आमची अव्वा, एकटी पडली होती, म्हणून. आणि नेमका तेव्हाच माझा कॉम्प्युटर भर मीटिंगमध्ये, बोलता बोलता, आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. साहेब एकदा म्हणाले, "असंच चालणार असेल तर ऑफिसात या."

लाइटचा दोष म्हणावा तर डोक्यावरचा पंखा मजेत फिरत असायचा. रॅम काढून खोडरबराने घासली, पुन्हा बसवली. पॉवर सप्लाय बदलला. मधले काही दिवस बरे जायचे, सुटलो बाबा असं वाटायचं, की पुन्हा स्क्रीन काळी. चिडून मी अव्वावरच खेकसायचो, मिक्सर लावू नकोस म्हणून. ती बिचारी मिक्सर बंद करून दारात येऊन उभी राहायची.

"परत गेलं का रे?"

"गेलं."

नांदेडचा एक मित्र कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यातला. फोनवर म्हणाला, "मदरबोर्ड असंल तर अवघड हाय. पण आधी लई तापायलंय का ते बघ की." तापतच होतं. झाकण उघडलं, तर प्रोसेसरच्या पंख्याखाली पांढुरक्या राखेचा थर, फोडणीच्या धुराने चिकट झालेला. बोटावर घेतली आणि ओळखलं. विभूती! विचारल्यावर अव्वाने सरळ सांगितलं: मी आंघोळीला गेलो की पूजा आटोपून ती रोज चिमूटभर मशीनच्या जाळीवर लावायची. मशीन जास्त बंद पडायला लागलं तशी तिने चिमूट वाढवली होती. मी डोक्याला हातच लावला. यानेच बिघडत असेल, हे मात्र तिला सांगवेना.

ब्रशने सगळं साफ केलं. मशीन थंड चालू लागलं, तरी मदरबोर्डची धास्ती काही मनातून जाईना. दुसऱ्या सकाळी अव्वा पुन्हा विभूती घेऊन वाकली, तेव्हा मी मध्ये आलो.

"अव्वा, मशीनला नको. माझ्या कपाळाला लाव."

"तुला कशाला? तू काय, पुण्यात बी सुखानंच राहशील," ती म्हणाली. "मी माझ्यासाठी लावायले."

टेबलाखाली वाकून मी मशीन पुढे ओढलं आणि जाळी नसलेली बाजू तिच्याकडे केली.