डांके म्हणायचं नसतं

हॅम्बर्गच्या सकाळच्या एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, तो रोज माझ्यासमोर बसायचा. मांडीवर गोल पेटी आणि हातमोजा फक्त उजव्या हाताला. एकदा न राहवून विचारलंच.

"हात गार पडला की सूर हुकतो," तो म्हणाला. पेटीत हॉर्न होता, आपल्या शिंगाचा गोल वळवलेला पितळी भाऊच. जुन्या घडणीचा, बटणं नसलेला. सूर ओठांनी शोधायचा आणि हॉर्नच्या रुंद तोंडात हात घालून घडवायचा.

"आज संध्याकाळी कॉन्चेर्टो आहे, मागे सगळा वाद्यवृंद आणि पुढे मी एकटा. मुळात एका दरबारी वादकासाठी लिहिलेला. बिचारा राजापुढे वाजवायचा आणि जेवायला स्वयंपाक्यांच्या पंगतीला. सूर फुटला, तर तेसुद्धा हसत असणार."

त्याचे ओठ कोरडे पडले होते. धीर द्यावा म्हणून मी इथल्या रीतीनं "टॉय टॉय टॉय" म्हटलं. तो पटकन "डांके" म्हणून गेला आणि पांढराफटक पडला. या शुभेच्छेला आभार मानले की ती उलटते, म्हणाला. उतारा एकच, लाकडावर तीनदा ठोकायचं. पण डब्यात सगळं प्लॅस्टिक आणि लोखंड! तेवढ्यात त्याचं स्टेशन आलं.

ऑफिसातल्या मैत्रिणीसाठी पुण्याहून आणलेला पोळपाट माझ्या पिशवीत होता. मी तो पुढे केला. त्यानं हातमोजा काढून तीनदा टकटक केली आणि दार मिटता मिटता उतरला.

त्यानंतर तो दिसलाच नाही. सूर लागला की फुटला, कोण सांगणार? मैत्रीण विचारते, मी "आणते गं" म्हणते. पोळपाट रोज माझ्या पिशवीत असतो, पटकन हाताला लागेल असा, वरच.