शालूतला फोटो
सुताला लावायच्या खळीचा वास आला, की मला मॅट्रिकच्या निकालानंतरची ती दुपार आठवते. आमच्या शाळेतल्या बाई माझा कॉलेजचा अर्ज भरून द्यायला घरी आल्या होत्या. अर्जाला फोटो हवा होता आणि घरात माझा एकच फोटो होता, अकलूजच्या स्थळाला पाठवायला उसन्या शालूत काढलेला. बाईंनी मागाजवळच्या भांड्यातली खळ बोटावर घेतली आणि तो चिकटवून टाकला. सोलापूरचं ऊन ते. वडील येईतो खळ कडक वाळलीसुद्धा. त्यांनी नखाने कड उचलून पाहिली, फोटो हलेना. “आता स्थळाला काय पाठवायचं हो, बाई?” त्यांनी विचारलं. मग वडीलच मोठ्यांदा हसले, “माज्या हातची खळ हाय, निघायची न्हाय. जाऊ दे तिला कॉलेजला!” आज मुलींचे अर्ज तपासताना मी प्रत्येक फोटोची कड नखाने हळूच ओढून बघते, आणि तो निघाला नाही की एकटीच हसते.