अडाण नदीवरून आलेला ‘पार’

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. माझा विश्वास वायरलेसवर... आणि बायकोच्या मते तोही गरजेपेक्षा जास्त. सरकारी परवाना काढून घरबसल्या परक्या माणसांशी बोलणारे आम्ही हौशी लोक. घरच्या माणसांशी बोलायला मात्र आम्हाला सवड नसते, हेही तिचंच मत!

पासष्ट-सहासष्ट साल असेल. बोरी अरबच्या शाळेत मोतीबिंदूचं मोफत शिबिर होतं. अवकाळी पावसाने अडाण नदी चढलेली, आणि पलीकडच्या तांड्यांतून पेशंट बैलगाड्यांनी येणार. म्हणून एक संच घेऊन मी शिबिरात, आणि दुसरा घेऊन माझा मेव्हणा वसंता नदीच्या उतारावर. गाडी पाण्यात शिरली की त्याने मला कळवायचं – एवढीच आमची समाजसेवा.

दुपारपर्यंत वसंता मुका. "हॅलो, ओव्हर... हॅलो, ओव्हर" करून माझा घसा बसला. बाया पदराआड हसून राहिल्या होत्या.

शेवटी डॉक्टर हत्यारं पेटीत भरायला लागले. पलीकडच्या तांड्यातली म्हातारी झमकीबाई तेवढी यायची राहिली होती. एक डोळा आधीच गेलेला, दुसराही जायच्या बेतात. "पुढच्या वर्षी बघू," डॉक्टर म्हणाले. पुढच्या वर्षी बघायला तिच्यापाशी काय उरणार होतं?

एवढ्यात संच खरखरला.

"डॉक्टरले जाऊ देऊ नको. डोकरी पाण्यात हाये."

आवाज घोगरा. वाटलं, पठ्ठ्याला सर्दी झाली.

"अरे गाढवा, बोलून झालं की ओव्हर म्हणत जा! ओव्हर!"

नुसती खरखर... मग बऱ्याच वेळाने, अगदी शांतपणे –

"पार."

ओव्हरचं भाषांतर! मला हसूच आलं. "बोल, ऐकतोय, ओव्हर," मी म्हणत राहिलो. पण पुढे काही नाही.

"तुमचा मेव्हणा सांगतो म्हणून थांबतो," डॉक्टर म्हणाले, आणि थांबले. थोड्या वेळात गाडी आली. झमकीबाईला थेट टेबलावर नेलं. मागून वसंता उतरला, पायजम्याला भोकंच भोकं.

"भाषांतर झकास होतं रे तुझं."

"कायचं भाषांतर, भाऊजी? सकाळीच बॅटरी कलंडली. सारं अ‍ॅसिड माह्या पायजम्यावर! संच तवापासून मेलेला. ताईले सांगू नका, पायजमा नवा हाये."

मी बॅटरी उघडून पाहिली. कोरडी ठणठणीत.

ऑपरेशननंतर मी डॉक्टरांना तो ‘पार’ ऐकवत होतो, तेव्हा डोळ्यावर पट्टी बांधून निजलेली झमकीबाई एकदम बोलली, "काय म्हणला तो? पार?"

मग तिनेच सांगितलं: तिचा मालक बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर नेणारा. नदी ओलांडताना शेवटचा बैल पलीकडे लागला की तो हाक द्यायचा – "पार!" ती नवी नवरी असताना त्याच उतारावर पुरात वाहून गेला.

मी चाचरत सगळं सांगितलं. ती चक्क भांडणाच्या सुरात म्हणाली,

"डोकरी म्हणला मले? तो गेला तवा मी तरणीताठी होती, बापू! मी डोकरी झाली, हे त्याले कोनं सांगतलं?"

अजूनही "ओव्हर" म्हणून बटण सोडलं की मी जरा जास्तच वेळ कान लावून बसतो...