ओला चौक
सोलापुरात आमच्या गल्लीतल्या न्हाव्याच्या दुकानात फ्रान्समधल्या एका गावच्या चौकाचं चित्र टांगलेलं होतं. जवळून नुसते रंगाचे फटकारे दिसत. खुर्चीत बसलं की पावसात भिजलेला रस्ता आणि छत्र्या घेतलेल्या बाया दिसू लागत. दाढी करताना न्हावी मला दर वेळी विचारायचा, "ह्या बाया एवढ्या पावसात कुटं निघाल्या असतील, सांगा की?" माझं उत्तर त्याला कधीच पटलं नाही.

दुष्काळाच्या साली एक म्हातारा धनगर दाढीला आला. चित्राकडं बघत म्हणाला, "लई पाऊस झालाय की. कुटलं गाव हाय ह्ये?"

न्हाव्यानं चित्र खिळ्यावरून काढलं, त्याच्या मांडीवर ठेवलं आणि वस्तरा चालवू लागला. म्हाताऱ्यानं ओल्या रस्त्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट बराच वेळ निरखलं.