हूं म्हणजे हो नव्हे

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे, हे चौथीपर्यंत कळलं नाही, आणि चौथीनंतर शाळाच नव्हती. पोळ्या लाटून बोटं आखडली की अक्षरही वाकडं येतं. ही वही माझी मीच वाचणार, तरी माफी मागून ठेवते.

आम्हाला इथे अमेरिकेत, कॅरी गावात, मोठ्या दिरांनी आणलं. ते इंजिनियर, माझे मिस्टर त्यांच्या पाठचे. हे किराणा दुकानात कामाला लागले, मी चार घरच्या पोळ्या करू लागले. पायी कुठे जायची सोय नाही. म्हणून मोठ्या जाऊबाईंनी मला रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी शिकवली. मी ब्रेक दाबला की त्या आधी देवाचं नाव घ्यायच्या आणि मग माझं. पुढे त्यांनी स्वतःची करडी गाडीच बाजारभावापेक्षा कमी, नऊ हजार डॉलरला, माझ्या नावावर करून दिली. पैसे गाडी विकशील तेव्हा दे, म्हणाल्या.

नंतरच्या दोन वर्षांत त्यांनी पैशाचं नाव काढलं नाही. तेच मला जड जायचं. त्यांच्याकडे जेवायला बसलं की त्या तुपाची वाटी घेऊन यायच्या आणि मी ताटावर हात आडवा धरायचे. तूप मला फार आवडतं.

यंदा आम्ही दुकानाजवळच्या अपार्टमेंटमध्ये राहायला आलो. माझी पोळ्यांची घरंही तिथून जवळच, म्हणून गाडी विकायचं ठरलं. डीलरने साडेनऊ हजार सांगितले. मी मनातल्या मनात जाऊबाईंचे नऊ हजार देऊनही टाकले. त्याच आठवड्यात सिग्नलला थांबलेली असताना मागून एक गाडी येऊन धडकली. चालवणारी बाई माझ्यापेक्षा जास्त घाबरली होती. चूक तिचीच होती आणि ती तसं म्हणालीही. तिच्या इन्शुरन्सने सगळं दुरुस्त करून दिलं. नवा बंपर, नवी डिकी, रंग असा की कुठे लागलं होतं ते शोधून सापडेना.

डीलरला मात्र कॉम्प्युटरवर सापडलं. अपघाताची नोंद आहे म्हणाला, आता साडेसहा हजार.

दीर म्हणाले, फुकटात नवी करून मिळाली, आणखी काय पाहिजे? यांनाही ते पटलं. मला पटलं नाही, कारण मी हे लहानपणी पाहिलं होतं. आईने एकदा तांब्याची घागर विकायला नेली. बुडाचं भोक डाग देऊन बुजवलेलं होतं, पण थेंब गळत नव्हता. तांबटाने बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला आणि मोडीचा भाव सांगितला. आई म्हणाली, पाणी तर राहतंय की. तो म्हणाला, पाणी राहतं, किंमत राहत नाही. हे मी दिरांना सांगितलं. ते पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून म्हणाले, पॉइंट आहे.

त्यांची मुलगी, माझी पुतणी, इथेच जन्मलेली. औषधाच्या कंपनीत काम करते. तिने शोधून काढलं की ही घटलेली किंमत इथे समोरच्याच्या इन्शुरन्सकडे मागता येते. तिने माझ्या नावाने पत्र पाठवलं.

आठवड्याने इन्शुरन्स कंपनीतल्या बाईचा फोन आला तेव्हा मी घरी एकटी होते. बाई फार गोड, सावकाश बोलत होती. काही कळत होतं, काही नाही. एवढं कोणी बोलतंय आणि आपण गप्प राहायचं, हे आमच्यात उद्धटपणाचं. गोष्ट सांगणाऱ्यालासुद्धा हुंकार द्यावा लागतो, नाहीतर तो थांबतो. म्हणून मी हूं, येस, हूं, येस करत राहिले. शेवटी तिने थँक्यू म्हटलं, मीही म्हटलं.

मग पाचशे डॉलरचा चेक आला. सोबत पत्र, की फोनवर ठरल्याप्रमाणे हा विषय संपला.

पुतणीने ते रेकॉर्डिंग मागवून ऐकलं. "काकू, यू सेड येस. सहा वेळा."

"अगं, मी कबूल कुठे केलं? मी ऐकत होते."

ती कितीतरी वेळ हसत राहिली. मग म्हणाली, चेक बँकेत टाकू नका, टाकला तर खरंच संपेल. आणि 'हो' तुम्ही म्हणालात, तर 'नाही'सुद्धा तुम्हालाच म्हणावं लागेल. फोनवर काय म्हणायचं ते तिने मला मराठी अक्षरांत लिहून दिलं. आय लॉस्ट थ्री थाउजंड. आय वॉज लिसनिंग. लिसनिंग इज नॉट येस. मी ते पोळ्या लाटताना दोन दिवस घोकलं.

पुतणीने त्या बाईला फोन लावून दिला. या वेळी मी हुंकार द्यायचाच नाही असं ठरवलं होतं. त्यामुळे बाई दर दोन वाक्यांनी विचारायची, हॅलो, आर यू देअर? पुतणी शेजारी तोंडावर हात दाबून बसली होती. बाईचं बोलून संपलं तसं मी कागद बघून वाक्य म्हटलं, आणि शेवटी कागदावर नसलेला एक शब्द म्हटला, "नो." आवाज माझाच होता, पण थोडा मोठा.

त्यानंतर इन्शुरन्सकडून गाडी बघायला किंमत ठरवणारा माणूस आला. म्हातारा, कमी बोलणारा. रंगाचा थर मोजायचं यंत्र लावायच्या आधी त्याने नव्या डिकीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. मला इतका आनंद झाला की मी त्याला चहा दिला. त्याने सत्तावीसशे लिहिले. पाचशेचा चेक परत गेला आणि थोडी पत्रापत्री होऊन सत्तावीसशेचा आला. गाडी साडेसहा हजारांना विकली.

रविवारी जाऊबाईंकडे गेलो. त्या तुपाची वाटी घेऊन वाढायला आल्या तेव्हा मी नऊ हजारांचा चेक पुढे केला.

"ठेव गं तुझ्याकडे," त्या म्हणाल्या. "कुठे पळून चालली आहेस? सावकाश दे. हो की नाही?"

मी हूं म्हटलं नाही. त्या वाट बघत राहिल्या. मग वाटी खाली ठेवून त्यांनी चेक घेतला, आकडा वाचला आणि देवापुढे नेऊन ठेवला. त्यांचे पैसे पूर्ण फिटले. त्यांनी परत येऊन वाटी उचलली, तेव्हा मी ताटावर हात आडवा धरला नाही.