ताणातल्या झाडांले पाणी पाजणारा डब्बा

मले त्या डब्ब्याची शिसारी येते. भिंतीवरच्या पालीची येते ना, तशी. विहिरीजवळच्या खोलीत तो अजूनही भिंतीले चिकटून आहे, हिरवा दिवा लुकलुकवत. आत जावं लागलं तर मी त्याच्याकडं पाठ करून उभा राहतो.

तो आणला माझ्या पोरानं. पोरगा पुण्याले सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. मी चौथी नापास, तरी एकदा विचारलंच, "बाबू, तू तिथं दिवसभर करतं काय?"

"बाबा, आमच्याकडं कामं रांगेत येते. एखादं मधातच अडकलं का प्रोग्राम त्याले आपोआप पुन्हा उचलते. तरी नाही झालं तं दुसऱ्या मशीनवर धाडते. तिथंबी नाही झालं, तं बाजूले काढून ठेवते अन् मानसाले निरोप देते."

"मंग तुझं काय काम?"

"काम अडू नाही, हेच माझं काम."

मले तेव्हाच पटलं नव्हतं. पण दिवाळीत घरी आला तेव्हा त्यानं तेच लफडं रामाकोना गावाकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत बसवलं. विहिरीवर एक मोटर, बोअरवर दुसरी, अन् प्रत्येक ओळीले ठिबकची नळी. वेळ झाली का डब्ब्यानं विहिरीची मोटर लावायची. नाही लागली तर पुन्हा लावून पाहायची. तरीही नाही, तर बोअरची लावायची. अन् एखाद्या ओळीत पाणी गेलंच नाही, तर पुण्याले मोबाईलवर निरोप. डब्बा बसवणाऱ्या मिस्त्रीच्या समोर मले म्हणाला, "बाबा, आता तुम्ही फक्त पाहत राहा." पाहत राहा म्हणे! झाडं मी लावली, अन् पाहत कोण राहणार, तर मी.

आंबिया बहार, म्हणजे आंब्याच्या मोहोरासंगं येणारा फुलोरा, घ्यायचा तर थंडीत झाडाले ताण द्यावा लागते. पाणी बंद. झाड तहानते, पानं मलूल होऊन पिवळी पडते, गळते, अन् मग पाणी सोडलं का ते फुलावर येते. पोटभर पाणी पिलेलं झाड फुलत नाही, नुसती पालवी फेकते. हे आमच्याकडं शाळेतलं लेकरूही सांगते. माझ्या बापाच्या वेळी मोट होती. बाग ताणावर सोडली का तो मोट काढून घरात टांगे, अन् पाणी सोडेपर्यंत बागेत कोणाले पाय ठेवू देत नसे. म्हणे, उपाशी मानसाच्या पुढं हिंडू नाही. मी तेच पाळतो. मोटेच्या जागी विहिरीच्या मोटरचं किटकॅट, म्हणजे फ्यूजची ती चिनीमातीची गिट्टी, उपसून देवघरात ठेवतो, अन् झाडं धुऱ्याच्या बांधावरूनच पाहतो.

यंदाही ठेवलं. पोराले सांगितलं नाही. माझ्या बागेचा ताण मी पुण्याले फोन लावून देऊ का?

मृगाचा बहार पावसानं झोडपला होता. सालभराची सारी भिस्त या आंबियावर होती. अन् पानं काही पिवळी पडून नव्हती राहिली. रामाकोन्याच्या चहाच्या टपरीवर शेजारचा शेतकरी म्हणाला, "काका, तुमची झाडं तं ताणातबी नवरदेवावानी दिसून राहिली!"

"जमीन पाह्य रे माझी, जमीन," मी म्हटलं. "अशी काळी जमीन पार मोहगावपर्यंत नाही."

एका दुपारी पोराचा फोन आला. "बाबा, शेवटची ओळ कधीपासूनची फेल दाखवून राहिली. जरा पाहून या ना."

मले हसू आलं. त्या ओळीची नळी उंदरानं कुरतडली होती. ताणाच्या आधीच मी ती मोडून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधून टाकली होती. "अन् बाकीच्या ओळी?" मी उगाच विचारलं.

"बाकी मस्त. विहिरीची मोटर लागूनच नाही राहिली, पण सारं बोअरवर सुरू आहे. पाहा, कसं सांभाळून घेते!"

फोन तसाच खाटेवर टाकला अन् निघालो. बापानं घातलेली मनाई मोडून झाडांच्या खाली गेलो. चप्पल चिखलात रुतली ती तिथंच राहिली. बुडाशी थंडगार गाळ, शेवाळलेला, कुजक्या पानाचा वास मारत होता. विजेची लाईन यायची ती रात्री, तेव्हा आम्ही गावातल्या घरात झोपलेले, अन् हा डब्बा रोज चोरून पाजून राहिला होता. उपास धरलेल्या मानसाच्या तोंडात झोपेत भाताचा घास कोंबावा, तसं. फांदीफांदीले कोवळी, तेलकट पालवी.

मागून बायको आली. चिखल पाहिला, मले पाहिलं. म्हणाली, "डब्बा तुमच्यावानीच निंगाला. कोनाचंच ऐकत नाही."

तिथूनच तिच्या फोनवरून पोराले लावला. "अरे, झाडं ताणावर होती!"

"मंग मले सांगाचं ना बाबा! त्याले वाटलं मोटर बिघडली."

"बंद केलेली अन् बिघडलेली, यातलं त्याले समजत नाही?"

"सांगितल्याबिगर कसं समजन? मी एक बटन दाबलं असतं."

बोअरचं किटकॅट काढायचं तेव्हा सुचलंच नव्हतं; आता तेही उपसलं. संध्याकाळी पुन्हा फोन. "बाबा, सगळंच फेल दाखवून राहिलं. मीटिंगमधी मोबाईल सारखा वाजते."

"वाजू दे. मानूस पाहिजे म्हनते ना तो डब्बा? मी आहो इथं."

ताण नव्यानं दिला, पण थंडी सरली होती. फुलं आली ती फक्त शेवटच्या ओळीवर. पांढरीफेक, मधमाशांनी भरलेली. बाकी बाग नुसती हिरवी, डोळ्यांत खुपणारी. पांढुर्ण्याचा व्यापारी बहार पाहायले आला. तेवढी एक ओळ चालून गेला, परत आला, अन् भाव न काढता मोटरसायकलले किक मारली.

होळीले पोरगा आला. बराच वेळ बागेत एकटा हिंडला. मग चाकू अन् नळीचा जोड घेऊन शेवटच्या ओळीत बसला. "बाबा, हे जोडून देतो. अन् डब्ब्यात ताणाचं बटन टाकतो."

"बटन टाकाचं तं टाक. नळीले हात लावला तं पाह्य."

त्यानं चाकू मिटला.

त्या ओळीले मी रबरी पाईप ओढत नेऊन हातानं पाणी देतो. फळं सुपारीएवढी झाली आहे. डब्बा अजून तिले फेल दाखवते.